धिंड, ओळखपरेड आणि कसाबचा वकील

आमच्या गल्लीत कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांची पोलिसांनी त्याच गल्लीतून धिंड काढली. आम्ही बायकांनीही टाळ्या वाजवल्या. यात चुकलं काय?
– एक वाचक, बिबवेवाडी

ताई, रात्री दोनला काच फुटल्याच्या आवाजाने दचकून उठलेल्या माणसाला टाळ्या वाजवाव्याशा वाटणारच. पण पुढे शिवाजीनगर कोर्टात काय होतं, ते ऐका. आरोपी साक्षीदाराच्या ओळखीचा नसेल तर ओळखपरेड घेतात. सारख्या वयाच्या, सारख्या चणीच्या माणसांत त्याला उभं करायचं आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचं. म्हणून तर अटकेनंतर आरोपीचं तोंड झाकून नेतात. तुम्ही ज्याला भरदिवसा गल्लीत फिरवलेलं पाहिलंत, त्याला नंतर ओळखलंत तर बचावाचा वकील एवढंच विचारतो, "याला अटकेनंतर आधी कुठे पाहिलं होतं?" पुरावा तिथेच ढिला पडतो. मी स्वतः हा प्रश्न विचारला आहे आणि आरोपी सुटलेला पाहिला आहे. तो खरंच दोषी होता का, मला आजही ठाऊक नाही, आणि तेच मला सलतं.

सरसकट बेड्या घालायला सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच मनाई केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, म्हणजे अटक आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ठरावीक गुन्ह्यांत बेड्यांची मुभा आहे. धिंडीची कुठेच नाही.

कसाबलासुद्धा वकील दिला. असल्या माणसाला कायद्याचं संरक्षण कशाला?
– एक वाचक, सदाशिव पेठ

त्याला 21 नोव्हेंबर 2012 ला आपल्या येरवड्यातच फाशी झाली, म्हणजे संरक्षणाने शिक्षा टळली नाही. वकील वेळेवर मिळाला नाही, अशी त्याची तक्रार होती. 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली, फाशी कायम केली. पण त्याच निकालात देशभरच्या मॅजिस्ट्रेटना बजावलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. उद्या तुमच्या भाच्याला कुणाच्या तरी भांडणात चुकून उचललं, तर हाच आदेश त्याच्या कामी येईल.

लक्ष्मी रोडवर दहाजण उलटे येत होते, पोलिसाने मलाच धरलं. हा अन्याय नाही?
– एक वाचक, कोथरूड

नाही, दंड भरा. बाकीचे नऊ सुटले म्हणून तुमची चूक मिटत नाही.

जात बघून धरलं तर मात्र तो अन्यायच. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने सुरू झालेल्या प्रथेत फासेपारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून पुसला, तरी चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालांवर जातो. तसं कुणाला नेलेलं दिसलं तर वेळ लिहून ठेवा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा.