चित्रं ओळखते, पण ‘दे’ म्हणत नाही

“मॅडम, सगळं ओळखते हो, फक्त बोलत नाही.” बोलायला उशीर होणाऱ्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा सल्ल्यासाठी माझ्यासमोर येऊन बसले की हे वाक्य हमखास येतं. ओळखते म्हणजे काय काय ओळखते, असं विचारलं की यादी सुरू होते : प्राणी, रंग, फळं, गाड्या. भिंतीवर तक्ते लावलेले असतात, बोट ठेवलं की नाव येतं. आणि तहान लागली की तेच मूल आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेतं.

चिऊचं असंच होतं. (हे नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) वय दोन वर्षं आठ महिने. कुटुंब चिंचवडचं, आईबाबा दोघंही नोकरीला, दिवसभर चिऊ आजीपाशी. बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात चिऊ ‘एलिफंट’, ‘जिराफ’, अगदी ‘ऑक्टोपस’सुद्धा म्हणत होती. बाबांच्या आवाजात कौतुक होतं आणि काळजीही. आजी कराडकडच्या. त्या बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बाई, ह्यो बी तीन वर्साचा झाल्यावरच बोलला. उगं पोरीला घेऊन फिरत्यात.” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच विचारलं, “मी नोकरी करते म्हणून झालंय का हे?”

आधी तिला उत्तर देणं गरजेचं होतं. नाही, त्यामुळे झालेलं नाही. दिवसभर मुलासोबत कोण आहे यापेक्षा ते माणूस मुलाशी कसं बोलतं-खेळतं हे महत्त्वाचं, आणि आजी चिऊशी भरपूर बोलत होत्या. ज्या आईच्या मनात ‘माझ्यामुळेच’ घट्ट बसलेलं असतं, ती मुलाशी खेळताना मोकळी होत नाही. प्रत्येक खेळ तिला परीक्षा वाटतो. म्हणून या प्रश्नावर मी घाई करत नाही.

आजींचं म्हणणंही खोटं नव्हतं. घरात कुणी उशिरा बोललेलं असलं तर पुढच्या पिढीतही तसं होण्याची शक्यता वाढते, आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण यातलं कोणतं मूल येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून नुसती वाट बघत बसायचं नसतं. दोन वर्षांच्या सुमारास मुलाकडे पन्नासेक शब्द असावेत आणि ‘बाबा ये’, ‘अजून दूध’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी. चिऊकडे शब्द पन्नासच्या वर होते. जोडणी एकही नव्हती.

पहिलं काम कान तपासण्याचं. ‘टीव्ही लागला की धावत येते, म्हणजे ऐकू येतंच’ हा समज फार घरांत आहे. थोडं कमी ऐकणारं मूलही मोठ्या आवाजाला वळतं, बोलण्यातले बारीक ध्वनी मात्र त्याच्या हातून सुटतात. चिऊची श्रवणचाचणी व्यवस्थित आली. नावाने हाक मारली की ती बघायची, हवं ते बोटाने दाखवायची, बाहुलीला घास भरवायची. यातलं काही दिसत नसेल, किंवा आलेले शब्द मूल विसरत चाललं असेल, तर घरच्या खेळांवर विसंबू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मोफत तपासणी करतात आणि गरज वाटली तर पुढे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

मग मी आईला एक काम दिलं : चिऊ आपणहून म्हणते ते शब्द आठवडाभर लिहून काढा. पानभर यादी आली. ‘नको’ आणि ‘गेलं’ सोडलं तर सगळी नावं.

अडचण तिथे होती. पुष्कळ मुलांना वस्तूंची नावं आधी येतात. चेंडू समोर असतो, हातात येतो, उद्याही तसाच असतो. ‘ढकल’ असं समोर थांबून राहत नाही, क्षणात होऊन जातं. मानसशास्त्रज्ञ डेड्रे जेंटनर यांनी हा मुद्दा १९८२ मध्ये मांडला. सगळ्या भाषांत असंच होतं का, यावर नंतर बराच वाद झाला. चिनी मँडरिन बोलणाऱ्या घरांतली मुलं क्रियापदं लवकर उचलतात असं दिसलं आहे. पण वाक्य उभं राहायला क्रियापद लागतं, यावर वाद नाही. ‘आजी’ आणि ‘चेंडू’ शेजारी ठेवले तरी ते दोन शब्दच राहतात. ‘दे’ आला की दोघांनाही काम मिळतं.

“मग आम्ही क्रियापदांचा तक्ता आणतो,” बाबा लगेच म्हणाले. मी चिऊला उडी मारणाऱ्या मुलाचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, “दादा.” बरोबरच होतं, चित्रात दादाच दिसत होता. उडी कागदावर दिसत नाही. व्हिडिओत ती दिसते, पण त्यालाही मर्यादा आहे. सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांखालची मुलं नुसता व्हिडिओ बघून नवीन क्रियापद शिकली नाहीत. सोबत प्रत्यक्ष माणसाने ते करून दाखवलं तेव्हा शिकली. चिऊच्या ‘ऑक्टोपस’चं आणि न आलेल्या ‘दे’चं बरंचसं उत्तर यात होतं.

म्हणून आम्ही हालचालीचे पत्ते केले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आईने काड्यांची माणसं काढली. सुरुवातीला चारच पत्ते : बस, ऊठ, पळ, थांब. चटईवर पालथे ठेवायचे, पाळीपाळीने उचलायचे आणि पत्त्यावर जे असेल ते करायचं. पत्ता ओळखायचा नाही. पत्ता फक्त पाळी ठरवायला आणि गंमत आणायला आहे. अशा तयार पत्त्यांचे संच बाजारातही मिळतात, पण ते विकत आणून ‘हे काय आहे, सांग’ असं विचारत बसलं की तो पुन्हा तक्ताच होतो.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका गोष्टीवर : शब्द कधी म्हणायचा. आपण बहुतेक वेळा कृती चालू असताना किंवा झाल्यावर बोलतो. मायकेल टोमासेलो आणि अॅन क्रुगर यांच्या १९९२ च्या अभ्यासात, कृती घडणार त्याच्या जरा आधी शब्द ऐकलेली मुलं तो सर्वांत चांगला शिकली. म्हणून पत्ता उचलायचा, “पळ!” म्हणायचं, क्षणभर थांबायचं, चिऊच्या डोळ्यांत बघायचं आणि मग धूम ठोकायची. त्या थांबण्यात मूल शब्द धरून ठेवतं, आता काय होणार याची वाट बघतं. मराठी इथे आपल्या बाजूने आहे. आज्ञा देताना ‘बस’, ‘पळ’, ‘ढकल’ असा मूळ धातूच सुटा येतो. वाक्य केलं तरी क्रियापद शेवटी येतं आणि कानात तेच राहतं : “खुर्ची ढकल. गाडी ढकल. बाबांना ढकल.” वस्तू बदलत जातात, ढकलणं तेच राहतं, आणि मग शब्द एका चेंडूला चिकटून बसत नाही.

दुसरा नियम बाबांना फार जड गेला : “बोल ना, बोल बघू” म्हणायचं नाही. पहिले काही दिवस चिऊ नुसती नाचली-पळाली. आईचा फोन आला, “खेळते मस्त, पण तोंडातून शब्द नाही.” शब्द कळणं आधी येतं, म्हणणं मागून. ‘थांब’ म्हटल्यावर ती जागच्या जागी थांबते का, एवढंच बघा, असं मी सांगितलं. थांबत होती.

त्यानंतर मी पाळी उलटवायला सांगितली. पत्ता चिऊने उचलायचा, करायचं मात्र बाबांनी, आणि तिने सांगितल्याशिवाय हलायचं नाही. बाबा ‘बस’च्या पत्त्याकडे बघत उभेच राहिले. चिऊने त्यांचा हात ओढला, पॅन्ट ओढली, आणि मग म्हणाली, “बश!” बाबा धपकन बसले. त्या संध्याकाळी त्यांना किती उठबशा काढाव्या लागल्या ते विचारू नका. आपल्या एका शब्दाने एवढा मोठा माणूस खाली बसतो, हे मुलाला कळणं मला फार मोलाचं वाटतं. नाव घेतल्यावर शाबासकी मिळते. ‘बस’ म्हटल्यावर जग हलतं.

आजींचे गुडघे दुखत, म्हणून त्या खुर्चीवरूनच खेळायच्या. पण खेळ पुढे नेला त्यांनीच. मटार निवडताना “सोल”, कणकेच्या गोळीला “मळ”, मग “लाट”. कामाचं नाव घेऊन क्षणभर थांबायचं आणि मग करायचं, हे त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. दिवाळीनंतर आलेलं हे कुटुंब होळीच्या सुमारास पुन्हा आलं तेव्हा “आजी लाट”, “बाबा ऊठ”, “चेंडू ताक” अशी जोडणी रुळली होती आणि पत्ते डब्यात पडून होते. पत्ते असेच सुटायला हवेत.

मध्येच “बाबा पडली” आलं आणि बाबांनी तिला सुधारायला घेतलं. मी थांबवलं. “हो, बाबा पडला!” असं आपण नीट म्हणून पुढे खेळायचं. लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणं सावकाश बसतं, आणि प्रत्येक वाक्य अडवलं तर मूल बोलणंच आखडतं घेतं.

जाताना आईने विचारलं, जूनपासून शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, तर आता हेच पत्ते इंग्रजीत करू का? दोन भाषांनी मुलाचं नुकसान होत नाही. जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवायला हीच वाट धरली होती : आज्ञा ऐकायची, अंगाने करायची, बोलण्याची घाई नाही. तेव्हा इंग्रजीतही हा खेळ चालेल. पण घरात दिवसभर जी भाषा ऐकू येते, जिच्यात आजी तिला उत्तर देतात, तिच्यात आधी तीन शब्दांची वाक्यं येऊ द्या, असं मी म्हटलं. आता ‘झोप’वरून ‘बाहुलीला झोपव’, ‘बस’वरून ‘अस्वलाला बसव’ असं पुढे जायचं. शाळेत ‘सिट’ आणि ‘रन’ ऐकायला येईल तेव्हा बसणं आणि पळणं तिला ठाऊक असेल, नवा फक्त आवाज असेल.