सासऱ्यांच्या नावावरचं घर

प्रश्न : नवरा मारतो, घर सासऱ्यांचं. तक्रार केली तर छप्पर जाईल का? – वाचक, डिचोली

उत्तर : नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार, लग्नानंतर जिथं नांदलात तिथं राहायचा हक्क नावावर ठरत नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणी बाहेर काढू शकत नाही. मार लागला की आधी सरकारी दवाखाना. तिथं ‘घसरून पडले’ म्हणू नका. केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढं तुमच्यावरच उलटतं. कुणी मारलं, कशानं, सांगा. प्रत घ्या, पण घरात ठेवू नका. मग १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा याच कायद्याखाली नेमलेल्या, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट महिलांना नाही. त्यासाठी विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करा. जिवावर बेतलं तर थेट ११२ वर फोन.