टोपलीचं झाकण उघडताना: डिम समबद्दल वाचकांचे प्रश्न

हाँगकाँग आणि ग्वांगझौला जाणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. तिकडे डिम समच्या जेवणाला ‘याम छा’ म्हणतात. त्याचा अर्थ चहा पिणं. डिम सम म्हणजे त्या चहाबरोबर येणारे छोटे पदार्थ, बरेचसे बांबूच्या टोपलीत वाफवलेले.

प्रश्न : टेबलावर बसल्याबरोबर दोन किटल्या आणि एक मोठा रिकामा वाडगा ठेवतात. खाण्याचं काहीच मागवलेलं नसतं. त्याचं काय करायचं? (पुणे)

वाडगा भांडी विसळण्यासाठी असतो. एका किटलीत चहा आणि दुसरीत नुसतं गरम पाणी येतं. पहिल्या धारेचा चहा किंवा गरम पाणी घेऊन कप, चमचा, वाटी आणि चॉपस्टिक्स त्याने विसळायच्या आणि ते पाणी वाडग्यात टाकायचं. वेटर वाडगा उचलून नेतो. हे पाणी प्यायचं नसतं.

चहा कुठला, हे बसतानाच विचारतात. बो लेई (पुअर) गडद आणि मातकट चवीचा असतो. तळलेलं आणि चरबीचं खाणार असाल तर तो घ्या. हाँग पिन हा मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा चहा, तर साऊ मेई फिका आणि सौम्य. पानं किटलीतच राहतात, म्हणून तिसऱ्या कपापर्यंत चहा कडवट होतो. दुसरी किटली त्यासाठीच आहे, त्यातलं पाणी घालून चहा पातळ करा. पाणी संपलं की किटलीचं झाकण अर्धवट सरकवून ठेवा, हाक मारावी लागत नाही. दुसऱ्यांचे कप आधी भरायचे, त्यातही वडीलधाऱ्यांचा पहिला, आपला शेवटी. कोणी तुमचा कप भरला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करा. तोंडात घास असतानाही आभार मानता येतात.

चहाचे पैसे माणशी लागतात. टेबलावर आपणहून आणून ठेवलेले शेंगदाणे किंवा लोणचंही बहुधा बिलात येतं. नको असेल तर लगेच परत करा.

प्रश्न : चौघांसाठी एका वेळी किती मागवावं? (ठाणे)

आधी चार-पाच टोपल्या, मग पुन्हा तेवढ्याच. एकदम दहा मागवल्या तर टेबल भरतं आणि निम्म्या गार होतात, आणि गार डिम सम खाण्यात काही अर्थ नाही. हार गाव (कोळंबीचे) आणि सिऊ माई (बहुधा डुकराचं मांस आणि कोळंबीचे) बहुतेक ठिकाणी चार नगांचे असतात, बाव (सारण भरलेले वाफवलेले पाव) मात्र तीनच. चौघे असाल तर बाव दोन टोपल्या सांगा. हलकं वाफवलेलं आधी, तळलेलं मागून, भात किंवा नूडल्स सगळ्यांत शेवटी. भात लवकर मागवला की पोट तिथेच भरतं.

आता बहुतेक ठिकाणी छापील कागदावर खुणा करून ऑर्डर देतात. टेबलांमधून पदार्थ फिरवणाऱ्या ढकलगाड्या मोजक्या जागी उरल्या आहेत. हाँगकाँगच्या सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस त्यासाठी प्रसिद्ध आहे. गाडीवरून घेतलं की टेबलावरच्या कार्डावर लहान, मध्यम, मोठा अशा रकान्यात शिक्का पडतो. किंमत त्या रकान्यावरून ठरते. रविवारी अकरा ते एक कुटुंबांची गर्दी असते. दुपारी दोननंतर अनेक ठिकाणी दर उतरतात, पण काही पदार्थ तोवर संपलेले असतात.

प्रश्न : हार गाव चांगला आहे हे कसं ओळखावं? एका ठिकाणी उचलताच फाटला. (कोल्हापूर)

हार गाव म्हणजे कोळंबीचं सारण भरलेला पारदर्शक पारीचा घास. एखाद्या स्वयंपाकघराची परीक्षा घ्यायची असेल तर हाच पदार्थ मागवावा.

त्याची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो, तो वाळवून केलेलं पांढरंशुभ्र पीठ म्हणजे हे सत्त्व. त्यात टॅपिओकाचा स्टार्च मिसळतात, साधारण दोनास एक. या पिठात चिकटपणा धरणारं ग्लुटेन नाही, म्हणून मोदकाच्या उकडीसारखंच उकळतं पाणी ओतावं लागतं. स्टार्च उष्णतेने शिजून फुगतो आणि गोळा एकजीव होतो. पाणी कोमट पडलं तर गोळा भुसभुशीत राहतो, मोदकाची पारी चिरते तशीच ही चिरते. पाणी घालून ढवळलं की पाच मिनिटं झाकून ठेवतात, मग तेल किंवा चरबी घालून मळतात. लाटणं वापरत नाहीत. तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या सपाट पात्याने दाबून पातळ चकती करतात आणि एकाच बाजूला कळ्या पाडतात. आपल्या मोदकाला कळ्या चहूबाजूंनी, याला फक्त एका कडेला.

दहा-बारा नीटस कळ्या असतील तर हात सराईत आहे. पारीतून कोळंबीचा गुलाबी रंग दिसायला हवा. कोळंबी दाताखाली करकरीत लागली पाहिजे. त्यासाठी ती गार वाहत्या पाण्यात बराच वेळ धुतात आणि पूर्ण वाटत नाहीत, काही तुकडे मोठेच ठेवतात. वाफ जोरदार, पाच-सहा मिनिटं पुरते.

फाटण्याची कारणं दोन. वाफेवर जास्त वेळ राहिला तर पारी लिबलिबीत होऊन खालच्या कागदाला चिकटते. किंवा टोपली गार झाली की पारी वाळून ताठरते. पहिली चूक स्वयंपाक्याची, दुसरी बहुतेक वेळा खाणाऱ्याची. झाकण उघडलं की आधी हार गाव संपवा, फोटो नंतर. चॉपस्टिकने टोचू नका, खालून आधार देऊन उचला.

प्रश्न : डुकराच्या मांसाचा बाव वरून फुटलेला आला. शिळा होता का? (नागपूर)

नाही. छार सिऊ बाव वरून फुलासारखा उमलायलाच हवा. कमी ग्लुटेनचा मैदा, खमीर आणि शिवाय बेकिंग पावडर, मग सुरुवातीपासून प्रखर वाफ. त्याने माथा फुटतो. वाफ मंद असेल तर बाव गुळगुळीत आणि घट्ट राहतो. खाण्याआधी खालचा कागद काढायला विसरू नका.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खावं? (डोंबिवली)

नावावर जाऊ नका. लो बाक गो म्हणजे मुळ्याची वडी, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं. कमळाच्या पानातल्या चिकट भातात कोंबडी असते. तळलेल्या अळकुडीच्या गोळ्यात डुकराचं सारण असतं आणि वेष्टनात बहुधा चरबी. पालेभाजी ऑयस्टर सॉस घालूनच येते, म्हणून सॉस वेगळा किंवा नकोच, हे आधी सांगा.

‘जाय’ हा शब्द पाठ करा, त्याचा अर्थ बौद्ध पद्धतीचा शाकाहार. ‘जाय छाँग’ म्हणजे सारण नसलेली तांदळाच्या पातळ उकडीची गुंडाळी. वर सोया सॉस, तिळाची पेस्ट, गोडसर सॉस. सॉसमध्ये काय आहे ते मात्र विचारून घ्या. त्यापेक्षा निर्धास्त म्हणजे शाकाहारी बौद्ध उपाहारगृह. परंपरेने तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतात. हाँगकाँगच्या लानताऊ बेटावरच्या पो लिन या बौद्ध मठात शाकाहारी भोजनगृह आहे. कंदमुळं न खाणाऱ्या जैन वाचकांनी मात्र मुळा आणि अळकुडी वेगळ्याने विचारावी, बौद्ध स्वयंपाकात त्यांना मनाई नाही.

प्रश्न : कोंबडीचे पाय खाताना हाडं तोंडात येतात. ती कुठे टाकायची? (गोवा)

आपल्याच ताटलीत, कडेला. हाडं तोंडातून काढणं तिथे असभ्य मानत नाहीत. हे पाय आधी तळतात, मग गार पाण्यात भिजवतात. त्याने कातडी सुरकुतते, फुगते आणि पुढे आंबवलेल्या काळ्या सोयाबीनचा रस शोषून घेते. पूर्ण पाय तोंडात घालू नका. एकेक बोट सांध्याशी दाताने तोडा आणि कातडी ओठांनी ओढून घ्या.