पत्र्याची कड आणि वायरचं सोलणं

पावसाळा तोंडावर आला की झिणझिण्या देणाऱ्या विजेच्या पेट्यांचे प्रश्न सुरू होतात. बहुतेकांची गोम एकाच जागी असते: पाईप जिथे बॉक्समध्ये शिरतो तिथे. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र.

प्रश्न : प्लास्टिकच्या बॉक्सलाही बुश (पाईपाच्या तोंडाला बसणारी गुळगुळीत कडी) लागतो का? (राजारामपुरी)

उत्तर : भोक गुळगुळीत आणि पाईप घट्ट बसलेला असेल तर नाही. पाईपाचं कापलेलं तोंड मात्र कानशीने घासून घ्या.

प्रश्न : नव्या घरात पत्र्याचे बॉक्स बसवलेत, भोकांना रबर नाही. वायरमन म्हणतो, "टेप मारलीय, काळजी नको." (कळंबा)

उत्तर : काळजी कराच. नॉकआऊट (भोकाच्या जागी आधीच अर्धवट कापलेली चकती) ठोकून पाडला की पत्र्याला धार राहते. रिकाम्या बॉक्सच्या भोकावरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे वायरही सोलणार. घरातल्या दीड-अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवरचं पीव्हीसी एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं. स्प्रिंग घालून पलीकडून वायर ओढताना ती याच कडेवर घासते. टेप मारतात त्यानंतर, म्हणजे ओरखडा पडून गेल्यावर! शिवाय उष्णतेने टेपचा चिकटपणा सुटतो आणि ती घसरते.

तांबं पत्र्याला टेकलं आणि बॉक्सला अर्थिंग नीट असेल तर एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडेल. अर्थिंगची वायर बॉक्सला जोडलेलीच नसेल तर एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि अख्खा बॉक्स करंट धरून बसेल, कुणीतरी हात लावेपर्यंत. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हवीच, पण ती आहे म्हणून कड उघडी ठेवायला परवानगी मिळत नाही.

पीव्हीसी पाईपाला आट्यांचा अडॅप्टर आणि चेकनट (पाईप बॉक्सला आवळून धरणारा चपटा नट), लोखंडी पाईपाला आतून-बाहेरून चेकनट आणि तोंडाला बुश, नुसत्या वायरी जात असतील तर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं. किरकोळ पैशांच्या वस्तू. पण पॉइंटचा रेट पाडून काम घेतलं की आधी यांनाच कात्री लागते, कारण प्लेट लावल्यावर कुणाला काही दिसत नाही. कोटेशनमध्ये बुश, चेकनट, ग्रोमेट वेगळे लिहून घ्या आणि प्लेटा लागायच्या आधी बघा. आता मेन बंद करून परवानाधारक ठेकेदाराकडून प्रत्येक बॉक्स उघडून घ्या. ओरखडा दिसला तर वायर बदलायची, टेप नको.

प्रश्न : पाईपाच्या तोंडात एम-सील भरलं तर? (रंकाळा)

उत्तर : नको. उद्या वायर बदलताना छिन्नी शोधावी लागेल.

प्रश्न : लेथच्या पेटीत तीन सुट्या वायरी ग्लँडमधून घेतल्यात. हलतात. (शिरोली एमआयडीसी)

उत्तर : हलणारच. ग्लँड गोल केबलच्या आवरणाला पकडते, सुट्या वायरींमध्ये फटी राहतात. यंत्राची थरथर बाकीचं काम करते. मापाची केबल आणि मापाचा ग्लँड घ्या, नाहीतर लवचिक पाईप त्याच्या कनेक्टरसह. लवचिक पाईप लोखंडी असला तरी अर्थिंगची वायर वेगळीच न्या. मोटारीचा भार बघून माप ठेकेदाराला ठरवू द्या.

प्रश्न : शेतमोटारीच्या स्टार्टर पेटीत पाणी उतरतं, पालीही शिरतात. (करवीर)

उत्तर : केबल वरून घेतली असणार. खालून घ्या, पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, रिकामी भोकं बुचाने बंद करा. हे सगळं सप्लाय तोडून आणि वायरमनकडूनच.

प्रश्न : 2021 च्या पुरात पाईपात पाणी शिरलं होतं. वाळल्यावर सगळं चालू आहे, फक्त ओल आली की बोर्ड झिणझिणतो. दिवाळीत बघू म्हणतोय. (शाहूपुरी)

उत्तर : दिवाळी कसली? आज मेन बंद करा. गाळ पाईपाच्या खालच्या बेंडमध्ये आणि बॉक्सच्या तळाशी बसतो, पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. टेस्टरचा दिवा बघून "लाईन ओके" म्हणणाऱ्यावर जाऊ नका. सगळी उपकरणं काढून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर ती लाईन जोडू नका. रीडिंग ठेकेदाराच्या सहीनिशी कागदावर मागा.