‘आमूलाग्र’, ‘समूळ’ आणि ‘पार’ यांत फरक काय?

‘आमूलाग्र’, ‘समूळ’ आणि ‘पार’ हे तिन्ही शब्द टोकाचा बदल दाखवतात, तर लेखनात एकाच्या जागी दुसरा चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीकाठचे आमचे भाताचे शेत पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर बांध कुठला आणि वाफा कुठला हे ओळखू येईना, आणि लावणीची रोपे कुजून चिखलाला चिकटली होती. त्यावर एका दिवाळी अंकासाठी लिहिताना मी ‘शेत पार बदलले होते’ असे लिहिले. संपादकांनी त्याचे ‘शेतात आमूलाग्र बदल झाला होता’ असे केले आणि ‘पार’ हा बेळगावकडचा बोलीतला शब्द छापील मराठीत शोभत नाही, असे कळवले. अंक आल्यावर मी तो परिच्छेद आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले, “कुणी सुधारलं काय रे आपलं शेत?”

आईला जे खटकले, तोच या शब्दांतला फरक आहे. आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत; वस्तू तीच राहते, पण तिची सगळी घडण बदलते, आणि बहुधा कोणीतरी ती जाणूनबुजून बदललेली असते, म्हणून हा शब्द कायद्याला किंवा अभ्यासक्रमाला शोभतो. समूळ म्हणजे मुळासकट. मागे काही उरतच नाही, म्हणून उच्चाटन समूळ होते, बदल नव्हे. पार म्हणजे पलीकडचा काठ. माणूस पार खचतो, गणित पार बिघडते, आणि आमचे शेतही तसेच हद्दीपलीकडे गेले होते.

राहिला बोलीचा आक्षेप. ‘पार’ पुण्यातही तितकाच बोलला जातो, आणि ‘आमूलाग्र बदलावणे’ (म्हणजे आमूलाग्र बदल) हा प्रयोग आमच्याकडच्या कन्नड वर्तमानपत्रांत सर्रास आढळतो. तेव्हा सीमाभागातल्या माणसाने लिहिला एवढ्यावरून शब्द अशुद्ध ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

‘पार सुधारला’ असे मात्र मीही लिहिणार नाही, कारण या शब्दाचा कल हानीकडे आहे. आणि ‘पार कारवारपर्यंत’ यातला ‘पार’ अंतराचा आहे, तो येथे धरू नये. त्या अंकाच्या माझ्या प्रतीत मी ती ओळ शाईने खोडून वर मूळ वाक्य लिहून ठेवले आहे.