ब्लॅकबर्न रोव्हर्स, २०१२-१३ : पैसा होता, गोल होते, मग १७वा नंबर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या वेंकीजने, म्हणजे कोंबडीच्या धंद्यातल्या मालक कंपनीने, हात आखडता घेतला म्हणून ब्लॅकबर्न या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची वाट लागली असं सगळीकडे ऐकू येतं. तसं असेल तर प्रीमियर लीगमधून उतरल्यावर पहिल्याच हंगामात ८० लाख पौंडांचा स्ट्रायकर, जॉर्डन ऱ्होड्स, कसा आला? आणि त्या स्ट्रायकरने २७ गोल केले असताना संघ १७वा कसा?

मालक बदलण्याच्या आधीपासून मी हा क्लब बघतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, हात आखडता घेतला हे खरं नाही, निदान त्या वर्षापुरतं तरी अजिबात नाही. त्या हंगामाचा हिशेब जाहीर झाला तेव्हा तोटा साडेतीन कोटी पौंडांच्या वर होता. चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या विभागातल्या, क्लबसाठी तो प्रचंड होता. पैसा ओतला गेला. तो कोणाच्या शब्दावर ओतायचा, मॅनेजर कोणी निवडायचा, करारावर सही कोणी करायची आणि सही केल्यावर तिच्या मागे कोणी उभं राहायचं, याचा मात्र ईवुड पार्कवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, कोणालाच पत्ता नव्हता. त्या हंगामाचं सगळं दुखणं इथे आहे.

पार्श्वभूमी नवीन वाचकांसाठी. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. क्लब १८७५ चा, १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य, आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने तो सुमारे २.३ कोटी पौंडांना घेतला. महिन्याभरात सॅम अलार्डाइस यांना काढलं आणि त्यांच्या हाताखालचे स्टीव्ह कीन मॅनेजर झाले. २०११-१२ मध्ये याकुबूने एकट्याने लीगमध्ये १७ गोल करूनही संघ ३१ गुणांवर १९वा राहिला. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून तो रेलिगेट झाला. त्या रात्री रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली गेली. आपल्याकडच्या बातम्यांत तेवढीच गोष्ट गाजली, पण गॅलरीतल्या माणसांचा राग कोंबडीपेक्षा फार मोठा आणि फार खरा होता.

चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ, ४६ सामने. तेव्हा पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ, शेवटचे तीन खाली. वरून उतरलेल्या क्लबला प्रीमियर लीगकडून काही वर्षं पॅराशूट पेमेंट मिळतं, त्यामुळे पहिल्या वर्षी तो इतरांपेक्षा श्रीमंत असतो. परत वर जायची खरी संधी ती हीच.

त्या उन्हाळ्यात होइलेटचा करार संपला आणि तो क्वीन्स पार्क रेंजर्सला गेला, एनझोन्झी स्टोकला, याकुबू चीनला. त्यांच्या जागी आले ते बघा. फुलहॅमहून पस्तिशीतला डॅनी मर्फी आणि डिक्सन एटुहू. ३६ वर्षांचा नुनो गोमेस. न्यूकॅसलचा लिऑन बेस्ट, ज्याचा गुडघा हंगाम सुरू व्हायच्या आधीच गेला. शिवाय पोर्तुगालहून काही तरुण खेळाडू, ज्यांची नावं तिथल्या जुन्या समर्थकांनीही ऐकलेली नव्हती. आणि ऑगस्टच्या अगदी शेवटी हडर्सफील्डहून जॉर्डन ऱ्होड्स. आदल्या वर्षी लीग वनमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपच्या खालच्या विभागात, त्याने ३६ गोल केले होते. ही यादी वाचली की कळतं की ती एका डोक्यातून निघालेली नाही. मर्फी आणि गोमेस घेणाऱ्याला तयार अनुभव हवा आहे, पोर्तुगीज पोरं घेणाऱ्याला उद्या विकता येईल असा माल हवा आहे, ऱ्होड्स घेणाऱ्याला गोल हवे आहेत. तिघांचे तीन संघ, आणि मैदानात उतरणार एकच.

क्लबमध्ये तेव्हा वरच्या जागी दोन माणसं होती. मॅनेजिंग डायरेक्टर डेरेक शॉ, जे आधी प्रेस्टनचे अध्यक्ष होते. आणि 'ग्लोबल अॅडव्हायझर' शेबी सिंग, मलेशियाचे माजी खेळाडू आणि टीव्हीवरचे जाणकार. दोघांमध्ये अंतिम शब्द कोणाचा, हे बाहेरच्यांना कळत नव्हतंच, पुढे कोर्टात दिसलं की आतल्यांनाही कळत नव्हतं. हंगामाच्या तोंडावर समर्थकांच्या बैठकीत सिंग उघड बोलून गेले की लागोपाठ तीन सामने हरले तर कीन जातील. आपल्या मॅनेजरबद्दल वरिष्ठ माणूस लोकांसमोर असं बोलतो, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये त्या मॅनेजरचं काय उरतं? कीन मला कधीच पटले नाहीत. त्यांना मे २०१२ मध्येच जाऊ द्यायला हवं होतं, म्हणजे नव्या माणसाला पूर्ण उन्हाळा मिळाला असता. उन्हाळाभर त्यांना ठेवलं, खरेदी त्यांच्या काळात होऊ दिली, आणि २८ सप्टेंबरला, संघ तक्त्यात वरच्या टोकाला असताना, त्यांनी राजीनामा दिला. आपल्याला राजीनामा देणं भाग पाडलं असं ते म्हणाले. माणूस चुकीचा होता हे मान्य, पण जाण्याची वेळ त्याहून चुकीची होती.

मग महिनाभर एरिक ब्लॅक तात्पुरते मॅनेजर. ३१ ऑक्टोबरला हेनिंग बर्ग आले. बर्ग म्हणजे १९९५ च्या विजेत्या संघाचा बचावपटू, गावाला जवळचा. त्यांची निवड ऐकून बऱ्याच जणांना बरं वाटलं, मलाही. दहा सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही पीटरबरोमध्ये. बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) मिडल्सबरोकडून हरले आणि २७ डिसेंबरला काढलं. एकूण ५७ दिवस.

इथे थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या ५७ दिवसांनंतरच्या भागात आहे. बर्ग यांचा करार तीन वर्षांचा होता आणि मुदतीआधी काढल्यास उरलेल्या पगाराची भरपाई द्यायची असं त्यात लिहिलेलं होतं. रक्कम निघाली २२.५ लाख पौंड. क्लबने आधी देणं कबूल केलं. नंतर कबुली मागे घ्यायचा प्रयत्न केला, आणि युक्तिवाद असा केला की शॉ यांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. मँचेस्टरच्या हायकोर्टाने तो मानला नाही आणि एप्रिल २०१३ मध्ये पूर्ण रक्कम द्यायला सांगितलं. एखादा क्लब न्यायाधीशासमोर उभा राहून सांगतो की आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरने मॅनेजरशी केलेला करार आमच्या संमतीचा नव्हता. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? आणि हे पैसे आकाशातून येत नव्हते. एका माणसाला ५७ दिवसांसाठी दिलेली भरपाई म्हणजे ऱ्होड्सच्या किमतीच्या पावपटीहून जास्त. तेवढ्यात या पातळीवरचा एक चांगला सेंटर बॅक (मधला बचावपटू) आला असता, आणि त्या संघाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

बर्ग गेल्यावर राखीव संघाचे प्रशिक्षक गॅरी बॉयर यांना तात्पुरतं बसवलं. संघ लगेच जिंकायला लागला. एवढं झाल्यावर कोणीही म्हणेल, राहू द्या यांना मे महिन्यापर्यंत. नाही. ११ जानेवारीला ब्लॅकपूलहून मायकल ॲपलटन यांना आणलं. ते ब्लॅकपूलला ६५ दिवसच होते, आणि त्याआधी त्याच हंगामात पोर्टस्मथला. त्यांच्या काळातला एक दिवस मात्र कोणी विसरणार नाही. १६ फेब्रुवारीला एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पाचव्या फेरीत आर्सेनलला त्यांच्याच एमिरेट्स मैदानावर १-० हरवलं, गोल कॉलिन काझिम-रिचर्ड्सचा. मॅनेजर आर्सेन वेंगर यांच्या काळात एफए कपमध्ये खालच्या विभागातल्या संघाकडून आर्सेनल पहिल्यांदा हरलं ते त्या दिवशी. उपांत्यपूर्व फेरीत मिलवॉलशी बरोबरी, मग ईवुडवर फेरसामन्यात ०-१. वेम्बलीची उपांत्य फेरी एका गोलाने गेली. १९ मार्चला ॲपलटन यांनाही काढलं. ६७ दिवस, १५ सामने, ४ विजय. पुन्हा बॉयर.

म्हणजे एका हंगामात कीन, ब्लॅक, बर्ग, बॉयर, ॲपलटन, परत बॉयर. नवा मॅनेजर आला की बचावाची रेषा किती वर ठेवायची, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, बॉल गेल्यावर किती जणांनी मागे यायचं, हे सगळं नव्याने शिकवतो. चॅम्पियनशिपमध्ये शनिवारी सामना, मंगळवारी सामना. शिकवायला दिवस कुठे असतात? म्हणूनच गोल करण्यापेक्षा गोल वाचवणं जास्त बिघडलं. ऱ्होड्ससारखा माणूस कोणाच्याही हाताखाली गोल करतो, त्याला पेनल्टी बॉक्समध्ये बॉल मिळाला की पुरे. चार बचावपटू आणि त्यांच्या पुढचे दोघे एकमेकांच्या सवयीने खेळतात, ती सवय लागायला महिने जातात.

आकडे हेच सांगतात. १४ विजय, १६ बरोबऱ्या, १६ पराभव. ५५ गोल केले, ६२ खाल्ले. ५५ पैकी २७ एकट्या ऱ्होड्सचे, म्हणजे जवळपास निम्मे. बरोबऱ्यांची संख्या विजयांपेक्षा जास्त, याकडे लक्ष द्या. गुण ५८, नंबर १७. शेफील्ड वेन्सडे आणि हडर्सफील्ड यांचेही ५८. ज्या क्लबने आपला स्ट्रायकर विकला तो हडर्सफील्ड आणि ज्याने ८० लाख देऊन तो घेतला तो ब्लॅकबर्न गुणांत बरोबर! त्यात ते वर्ष विचित्र होतं. एरवी ५० गुण झाले की जीव वाचला असं धरतात, त्या वर्षी पीटरबरो ५४ गुण मिळवून खाली गेलं. रोव्हर्स आणि लीग वन यांच्यात चार गुण होते. ऱ्होड्स नसता तर २०१७ मध्ये जे झालं, म्हणजे लीग वनमध्ये घसरण, ते चार वर्षं आधीच झालं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रोव्हर्सबरोबर प्रीमियर लीगमधून उतरलेल्या दोन क्लबांकडेही पाहा. बोल्टनने ऑक्टोबरमध्ये मॅनेजर बदलला, डगी फ्रीडमन आले आणि टिकले. ते ६८ गुणांवर सातवे, प्ले-ऑफ फक्त गोलफरकाने हुकलं. वुल्व्ह्जने जानेवारीत मॅनेजर बदलला, काही जमलं नाही, ५१ गुणांवर सलग दुसऱ्यांदा रेलिगेट. पॅराशूटचा पैसा तिघांनाही सारखाच होता.

आता यावर एक आक्षेप नेहमी येतो: मालक पुण्यात, क्लब लँकेशायरमध्ये, एवढ्या लांबून क्लब चालेलच कसा? मला हे पटत नाही. ज्या जॅक वॉकर यांच्या नावाने ब्लॅकबर्नचे लोक आजही हात जोडतात, ते जन्माने ब्लॅकबर्नचे असले तरी क्लब ताब्यात घेतला तेव्हा राहायला जर्सी बेटावर होते. १९९१-९२ मध्ये रोव्हर्स दुसऱ्या विभागातच होते. वॉकर यांनी ऑक्टोबर १९९१ मध्ये केनी डॅलग्लिश यांना आणलं आणि संघाच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. हंगाम संपताना संघ जेमतेम सहावा होता, शेवटच्या टप्प्यात बरेच सामने हरला होता. तरी कोणी डॅलग्लिश यांना हात लावला नाही. प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर माइक न्यूवेलच्या पेनल्टीने लेस्टरला १-० हरवून ते वर गेले, आणि तीन वर्षांनी इंग्लंडचे विजेते झाले. पैसा तेव्हाही बाहेरून येत होता. तो एका माणसाच्या हातात पडत होता एवढाच फरक.

आणि वेंकीजच्याच काळातला पुरावा हवा असेल तर पुढचाच हंगाम घ्या. मे २०१३ मध्ये बॉयर यांना कायम केलं. २०१३-१४ ला मालक तेच, ऱ्होड्स तोच, त्याचे गोल उलट दोनने कमी, २५. मॅनेजर मात्र ऑगस्ट ते मे एकच. ७० गुण, आठवा नंबर, प्ले-ऑफपासून दोन गुण दूर. शेवटचे १२ सामने हरलेच नाहीत. पण तोवर आधीच्या वर्षांचा तोटा अंगावर आला होता. डिसेंबर २०१४ मध्ये लीगच्या आर्थिक नियमांखाली खरेदीवर बंदी आली, आणि चांगला संघ जमत असताना त्यात भर घालता आली नाही. बॉयर नोव्हेंबर २०१५ मध्ये गेले, ऱ्होड्स फेब्रुवारी २०१६ मध्ये मिडल्सबरोला. चॅम्पियनशिपमध्ये रोव्हर्ससाठी १५९ सामन्यांत ८३ गोल करून तो गेला, आणि एवढ्या गोलांवर त्याला एकदाही प्ले-ऑफ खेळायला मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक सांगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये हा संघ बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आला होता, तेव्हा आपल्या गावाचा एक क्लब प्रीमियर लीगमध्ये आहे असं अनेकांना वाटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. मालकांनी नंतरही वर्षानुवर्षं तोटा भरून काढला, क्लब बुडू दिला नाही. हे श्रेय द्यायलाच हवं. पण ब्लॅकबर्नचा माणूस चिडतो तेव्हा "एवढे पैसे दिले तरी ओरडतात" असं आपल्याकडे कोणी म्हणालं, तर त्याच्यासमोर बर्ग यांच्या खटल्याचा निकाल ठेवा.

तक्ते स्वतः काढून बघणार असाल तर २०१२-१३ च्या शेजारी २०२३-२४ चा ठेवा. सॅमी झ्मोडिक्सने त्या वर्षी रोव्हर्ससाठी लीगमध्ये बरोबर २७ गोल केले, तो चॅम्पियनशिपचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. संघ १९वा राहिला आणि शेवटच्या दिवशी लेस्टरला जाऊन २-० जिंकला तेव्हा सुटला. त्या वर्षीही फेब्रुवारीत मॅनेजर बदललेला होता.