दूरदेशीच्या फुटबॉल क्लबाचे समर्थक असण्यात सुख कोणते, दुःख कोणते? संघ खालच्या श्रेणीत घसरला, तर हा पाठिंबा टिकतो का?

आपण लिहिले आहे की गेल्या वर्षापासून एका इंग्लिश क्लबाचे सामने आपण मन लावून पाहता, पण ज्या शहरात कधी पाऊल ठेवले नाही त्याच्या संघासाठी जीव टाकणे खरे असते का, अशी शंका आपल्याला येते. आणि तो संघ खालच्या श्रेणीत गेला तर हे प्रेम उरेल का, असेही आपण विचारले आहे. मी इंदूरची आहे आणि शाळेत असल्यापासून लीड्स युनायटेडची समर्थक आहे. या क्लबाची घसरण मी 2004, 2007 आणि 2023 अशी तीन वेळा पाहिली आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवाने देता येईल.

सुरुवात झाली ती 4 नोव्हेंबर 2000 या दिवशी. घरातल्या केबलवर लीड्स विरुद्ध लिव्हरपूल हा सामना लागला होता. लीड्स प्रथम 0-2 आणि नंतर 2-3 असे मागे पडले, तरी सामना 4-3 असा जिंकले, आणि चारही गोल मार्क व्हिडुका या एकाच ऑस्ट्रेलियन खेळाडूचे होते. चौथ्या वेळी त्याने पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू इतक्या अलगद उचलला की मी जागची हललेच नाही. त्याच हंगामात हा तरुण संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोचला आणि तिथे व्हॅलेन्सियाकडून हरला. मला वाटले होते की आता दरवर्षी असेच होत राहणार.

तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे मला फार उशिरा समजले. क्लबाने पुढील यश गृहीत धरून, तिकीटविक्रीच्या येणाऱ्या उत्पन्नावर मोठे कर्ज काढले होते. चॅम्पियन्स लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळाला नाही, तेव्हा खेळाडू एकामागून एक विकावे लागले. 2002 मध्ये रिओ फर्डिनंड थेट मँचेस्टर युनायटेडला गेला, आणि मँचेस्टर युनायटेड हा लीड्सच्या लोकांना सर्वांत सलणारा प्रतिस्पर्धी आहे. मे 2004 मध्ये संघ प्रीमिअर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, बाहेर पडला. त्याच वर्षी एलंड रोड हे स्वतःचे मैदानही क्लबाला विकावे लागले.

दुरून पाठिंबा देणाऱ्याचे दुःख कोणते, हे मला तेव्हा कळले. पराभवाचे दुःख लीड्समधल्या माणसाला आणि इंदूरमधल्या माणसाला सारखेच होते. पण संघ खालच्या श्रेणीत गेला तरी लीड्समधला माणूस पुढच्या शनिवारी मैदानावर जाऊन बसतो, संघ त्याच्या डोळ्यांसमोर असतो. माझ्या बाबतीत संघच दिसेनासा झाला. माझ्या घरच्या केबलवर प्रीमिअर लीग दिसत असे, त्याखालचे फुटबॉल दिसत नसे. इथल्या वर्तमानपत्रांत प्रीमिअर लीगचे निकाल एखाद्या ओळीत येत, दुसऱ्या श्रेणीचे येत नसत. पुढची कित्येक वर्षे माझ्यासाठी लीड्स युनायटेड म्हणजे संगणकाच्या पडद्यावर मिनिटामिनिटाला उमटणाऱ्या ओळी होत्या. इंटरनेट संथ होते आणि पान पुन्हा उघडेपर्यंत कोणी गोल केला हे कळत नसे. ज्या खेळाडूंचे चेहरे मी पाहिले नव्हते, त्यांची नावे मला तोंडपाठ होती. आपल्या संघाचा खेळ न पाहता त्याची वाट पाहणे ही गोष्ट किती जणांना जमेल हे मला सांगता येणार नाही, पण ज्यांना जमते त्यांचा पाठिंबा खरा आहे की उसना, हा प्रश्न मग उरत नाही.

त्यातही 2007 हे वर्ष सर्वांत वाईट होते. संघ तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग वनमध्ये घसरला आणि क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला. क्लबच शिल्लक राहील का, अशी चर्चा सुरू झाली. इंदूरच्या माणसाला ही भीती पुस्तकी वाटत नाही. माझे आजोबा होळकर संघाचे सामने पाहत मोठे झाले होते. कर्नल सी. के. नायडूंच्या त्या संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि त्यानंतर काही वर्षांतच, संस्थाने विलीन झालेल्या नव्या व्यवस्थेत, होळकर या नावाचा संघच उरला नाही. आजोबा शेवटपर्यंत त्या संघाविषयी वर्तमानकाळात बोलत. संघ हरणे आणि संघ नाहीसा होणे यांत किती अंतर आहे, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले होते. त्यामुळे 2007 च्या ऑगस्टमध्ये लीड्स युनायटेड, दंड म्हणून उणे 15 गुणांनिशी का होईना पण मैदानात उतरणार, हे ऐकून मला जो आनंद झाला तो घरात केवळ आजोबांनाच समजला. त्या संघाने पहिले सातही सामने जिंकले आणि दंड सहन करूनही पाचवे स्थान मिळवले. वरच्या श्रेणीत बढती मिळवण्यासाठीच्या अंतिम सामन्यात तो लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर डॉनकॅस्टरकडून 0-1 असा हरला, तरी त्या हंगामाइतका अभिमान मला नंतर फार थोड्या वेळा वाटला.

सुखाचे क्षण अशा काळात फार तीव्रतेने जाणवतात. 3 जानेवारी 2010 रोजी, अजून तिसऱ्याच श्रेणीत असताना, लीड्सने एफए कपमध्ये, म्हणजे सर्व श्रेणींतले क्लब खेळतात त्या बाद स्पर्धेत, मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे हरवले. जर्मेन बेकफर्डने 19 व्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला सगळा वेळ ती आघाडी राखण्यात गेला. चषक जिंकणाऱ्या मोठ्या क्लबांच्या समर्थकांना असा विजय वर्षातून अनेकदा मिळत असेल. मला तो अनेक वर्षे पुरला. त्याच वर्षी मे महिन्यात संघ दुसऱ्या श्रेणीत परतला.

2018 मध्ये मार्सेलो बिएल्सा प्रशिक्षक म्हणून आले, आणि याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. एक तिकीट विकत घेण्यासाठी सामान्य समर्थकाला साधारण तीन तास काम करावे लागते, हे खेळाडूंना कळावे म्हणून त्यांनी त्यांना तीन तास परिसरातील कचरा उचलायला लावले, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. एप्रिल 2019 मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध, प्रतिस्पर्धी खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सने गोल केला, तेव्हा त्यांनी आपल्या संघाला बाजूला उभे राहून व्हिलाला बरोबरीचा गोल करू देण्यास सांगितले. सामना 1-1 असा सुटला आणि पहिल्या दोन संघांना मिळणाऱ्या थेट बढतीची उरलीसुरली आशाही संपली. त्या वर्षीचा फिफाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार बिएल्सा आणि लीड्स युनायटेड यांना मिळाला, पण मला पुरस्कारापेक्षा तो निर्णय मोठा वाटतो. इतक्या दुरून ज्याला आपला म्हणायचे, तो क्लब असा वागावा, याहून अधिक काही मागावे असे मला वाटले नाही.

पुढच्याच महिन्यात डर्बी काउंटी या संघाने एलंड रोडवर लीड्सला 4-2 असे हरवून बढतीच्या लढतीतून बाहेर काढले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. घरातले सगळे झोपलेले, आणि जे झाले ते सांगायला कोणी नाही. सकाळी पोह्यांच्या दुकानासमोर लोक क्रिकेटच्या विश्वचषकासाठी निवडलेल्या संघाविषयी बोलत होते. दुःख वाटून घ्यायला शेजारी माणूस नसणे ही दूरच्या समर्थकाची रोजची अडचण आहे आणि तिची सवय होत नाही. माझ्या घरी मात्र आजीने एक रीत लावून घेतली होती. तिला फुटबॉलमधले काही कळत नसे, तरी दर रविवारी सकाळी ती विचारायची, “काल तुझे जिंकले का गं?” नाही म्हटले की ती पुढे काही विचारत नसे आणि चहा जरा गोड करून देत असे. असे एक माणूस तरी आपल्याजवळ असावे.

17 जुलै 2020 रोजी बढतीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी वेस्ट ब्रॉमविच हडर्सफील्डकडून हरले आणि लीड्सचा प्रीमिअर लीगमधील प्रवेश, सोळा वर्षांनी, निश्चित झाला. इंदूरमध्ये तेव्हा मध्यरात्र होत आली होती आणि करोनामुळे एरवी रात्रभर गजबजलेला सराफ्यातला खाद्यबाजारही शांत होता. त्या हंगामाच्या अखेरीस सामने रिकाम्या मैदानांत झाले, त्यामुळे एलंड रोडच्या शेजारी राहणारे समर्थक आणि मी, सगळेच पडद्यासमोर बसलो होतो. अंतर असे नाहीसे व्हावे ही माझी इच्छा कधीच नव्हती. ज्यांनी सोळा वर्षे पावसापाण्यात मैदानावर जाऊन तो संघ जगवला, त्यांनाच तो दिवस मैदानात बसून पाहता आला नाही. त्याआधीच्या तीन महिन्यांत क्लबाचे जुने खेळाडू नॉर्मन हंटर करोनाने गेले, ट्रेव्हर चेरी गेले, आणि बढती निश्चित होण्याच्या अवघ्या एक आठवडा आधी, लीड्ससाठी 773 सामने खेळलेले जॅक चार्ल्टन गेले. यांपैकी कोणालाही मी खेळताना पाहिलेले नाही. तरीही त्या रात्री मला प्रथम त्यांचीच आठवण झाली, कारण क्लब आपला मानला की त्याचा आपल्या जन्माआधीचा इतिहासही आपल्याकडे येतो.

एक गोष्ट मी निक्षून सांगेन. दूरच्या समर्थकाने मैदानावर जाणाऱ्यांचा मान आपल्याआधी राखावा. जानेवारी 2018 मध्ये क्लबाने नवे बोधचिन्ह जाहीर केले, तेव्हा हजारो समर्थकांनी विरोध केला आणि क्लबाला ते मागे घ्यावे लागले. जगभरची बाजारपेठ म्हणून आपल्यासारख्यांचा विचार क्लब अनेकदा करतात. आपल्या नावाखाली स्थानिक माणसाचे काही हिरावले जात असेल, तर आपण त्याच्या बाजूला असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. हो, पाठिंबा टिकतो, आणि पूर्वीपेक्षा तो टिकवणे सोपे झाले आहे. 2023 मध्ये लीड्स पुन्हा घसरले, 2024 मध्ये 90 गुण मिळवूनही वेम्ब्लीवर बढतीच्या अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनकडून हरले, आणि 2025 मध्ये 100 गुणांसह चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकून वर आले. 3 मे 2025 रोजी प्लिमथविरुद्ध मॅनर सोलोमनने भरपाईच्या वेळेत केलेल्या गोलामुळे बर्नलीला मागे टाकता आले. दोन्ही संघांचे गुण सारखेच होते, पण गोलांचा फरक लीड्सचा सरस होता. 2004 मध्ये अशा गोलाची बातमी मला एका ओळीत मिळाली असती. या वेळी मी तो प्रत्यक्ष पाहिला.

आपला संघ घसरलाच, तर काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चॅम्पियनशिपमध्ये 24 संघ आणि प्रत्येकाचे 46 सामने असतात, म्हणजे प्रीमिअर लीगपेक्षा आठ अधिक, आणि त्यांतले काही मंगळवारी किंवा बुधवारी, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. नोकरी सांभाळून ते सगळे जागून पाहणे शक्य नसते, त्यामुळे शनिवारचे सामने थेट पाहावेत आणि आठवड्यातल्या सामन्यांचे संपूर्ण चित्रण सकाळी निकाल न पाहता लावावे. शनिवारचे दुपारी तीनचे सामने उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेसातला सुरू होतात; ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत ते साडेआठला सुरू होतील.